एका अंशाचे किलोमीटर किती?

अकोला आणि अमरावती यांच्यातील अंतर किती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मूर्तिजापूर, बडनेरामार्गे रस्त्याने गेल्यास ते शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. नकाशावर सरळ रेघ ओढली तर सुमारे ८२. अकोल्याचा शिवणी आणि अमरावतीचा बेलोरा हे विमानतळ शहरांबाहेर, एकमेकांच्या दिशेला असल्याने त्यांच्यातील अंतर जेमतेम ७० किलोमीटर आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाने ते साडेआठ मिनिटांत कापले जाईल. अर्थात हे कागदावरचे गणित झाले. विमानाला चढायला, वळायला, उतरायला जास्तीचा वेळ लागतोच; शिवाय या दोन विमानतळांदरम्यान नियमित सेवाही नाही.

पण हे ८२ आले कुठून? अकोला सुमारे २०°४२′ उत्तर अक्षांशावर व ७७°०′ पूर्व रेखांशावर आहे. अमरावती २०°५६′ व ७७°४५′ वर. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश म्हणजे ११०.७ किलोमीटर आणि रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर. म्हणून उत्तर-दक्षिण फरक २६ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ७८. पायथागोरसचा सिद्धांत वापरला की कर्ण ८२ मिळतो.

आता खरा प्रश्न असा की, एका अंशाचे किलोमीटर किती हे कसे कळले? ते मोजण्याचे एक मोठे काम वऱ्हाडच्याच मातीत झाले आहे.

विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. पद्धत सोपी होती. एक रेषा साखळीने काटेकोर मोजायची, तिच्या टोकांवरून दूरची खूण पाहून कोन मोजायचे आणि त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचायचे. दोन्ही टोकांचे अक्षांश ताऱ्यांच्या वेधांवरून काढले की अंतराला अंशांनी भागता येते.

ही त्रिकोणांची माळ कन्याकुमारीकडून उत्तरेस ७७°४०′ रेखांशाच्या आसपास सरकत गेली, म्हणजे अमरावतीच्या किंचित पश्चिमेकडून. १८२२ मध्ये एलिचपूरच्या (आजचे अचलपूर) बाजूस टाकरखेडा येथे पायारेषा मोजली गेली. पोलादी साखळी तापली की लांबते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले तर १२ किलोमीटरच्या रेषेत जवळपास दीड मीटरची चूक होऊ शकते. वऱ्हाडच्या उन्हात ही दुरुस्ती टाळून कसे चालेल?

पुढच्याच वर्षी, २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे लॅम्बटनचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरांवर चढवणाऱ्या, तापाने आजारी पडणाऱ्या खलाशांची नावे मात्र आपल्याला माहीत नाहीत. टाकरखेड्यापासून उत्तरेचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. त्याने १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मापे मांडली, त्यांत या मोजणीचा वाटा होता; भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे दीर्घकाळ त्याच मापांवर आधारलेले होते.

वर्गात ॲटलास घेऊन विद्यार्थ्यांना आपले गाव आणि जिल्ह्याचे ठिकाण यांतील सरळ अंतर वरील रीतीने काढू द्यावे. मग एस.टी.च्या तिकिटावरील अंतराशी ते ताडून पाहावे. रेखांशाचा अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा लहान का, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील.