घरट्याचा शिक्का

नेस्ले हें नांव आज आपण चॉकोलेटच्या वेष्टणावर व कॉफीच्या बाटलीवर वाचतों. परंतु या कंपनीची कीर्ति प्रथम झाली ती तान्ह्या मुलांच्या खाद्यामुळें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

हेन्री नेस्ले मूळचा फ्रँकफुर्टचा. जन्म १८१४ सालचा. औषधें तयार करण्याची विद्या शिकून तो स्वित्झर्लंडांत, जिनिव्हा सरोवराकांठच्या व्हेव्हे गांवीं स्थायिक झाला. त्या काळीं आईच्या दुधास मुकलेलें अर्भक बहुधा वांचत नसे. १८६७ सालीं त्यानें दूध, भाजलेल्या पावाचें पीठ व साखर यांचें चूर्ण केलें. दुसरें कांहींच न पचणारें एक अपुऱ्या दिवसांचें मूल त्यावर वांचलें, आणि मागणी वाढली. नेस्ले म्हणजे त्याच्या बोलींत लहानसें घरटें. म्हणून डब्यावर पिलांना भरविणाऱ्या पक्षिणीचा शिक्का बसला. इतकें बोलकें चित्र एखाद्या कसलेल्या जाहिरातदारासहि सुचलें नसतें!

१८७५ सालीं नेस्लेनें सर्व धंदा दहा लक्ष फ्रँकांस विकला, आणि त्याबरोबर आपलें नांवहि. १९०५ सालीं तो आटविलेल्या दुधाच्या अँग्लो-स्विस कंपनीशीं एक झाला. १९३८ सालीं नेसकॅफे निघाली.

खरा वाद पेटला तो १९७४ सालीं. ‘वॉर ऑन वाँट’ या ब्रिटिश संस्थेनें एका पुस्तिकेंत, गरीब देशांत दुधाच्या भुकटीचा खप कसा वाढविला जातो, हें मांडलें. परिचारिकेच्या वेषांतील विक्रेत्या बाळंतिणींस भुकटीचे गुण सांगत. बाटली उकळावयास सरपण नाहीं, पाणी गढूळ, आणि डबा पुरावा म्हणून दूध पातळ करावयाचें. इकडे पाजणें सुटल्यानें आईचें दूध आटलेलें. भुकटी हें विष नव्हे. पोरक्या अर्भकास ती जीवदानच आहे. दोष होता तो जिला पान्हा आहे, त्या आईसहि ती गळीं बांधण्याचा.

त्या पुस्तिकेचें भाषांतर ‘नेस्ले अर्भकांचा जीव घेते’ अशा अर्थाच्या मथळ्याखालीं छापणाऱ्या स्विस मंडळींवर कंपनीनें बर्न येथें फिर्याद केली. १९७६ सालीं त्यांस प्रत्येकीं ३०० फ्रँक दंड झाला खरा, पण विक्रीची रीत सुधारावी, असें न्यायाधीशांनीं कंपनीसहि बजावलें. खटला जिंकून अब्रू गमावणें म्हणतात तें हेंच! १९७७ सालीं अमेरिकेंत कंपनीच्या मालावर बहिष्कार पुकारला गेला. १९८१ सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें अशा विक्रीचे नियम ठरविले, तेव्हां विरुद्ध मत पडलें तें एकट्या अमेरिकेचें.

आपल्याकडे १९९२ सालीं कायदा झाला. तेव्हांपासून अर्भकांच्या दुधाच्या भुकटीची जाहिरात करतां येत नाहीं, आणि तिच्या डब्यावर स्त्रीचें किंवा तान्ह्या मुलाचें चित्रहि छापतां येत नाहीं.