परराज्यात गाडी आणि घर : राजाजीनगरचा अनुभव काय सांगतो

बंगळुरूच्या पश्चिम भागातील राजाजीनगर ही वसाहत शहर सुधारणा मंडळाने वसविली. तिची पायाभरणी १९४९ मध्ये भारताचे तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबांचा या नावाशी परिचय होतो तो प्रामुख्याने दोन सरकारी कामांतून. 'केए-०२' या क्रमांकाने वाहनांची नोंदणी करणारे बंगळुरू पश्चिम प्रादेशिक परिवहन कार्यालय राजाजीनगरचे म्हणून ओळखले जाते. दस्तनोंदणीसाठी शहराचे जे पाच नोंदणी जिल्हे करण्यात आले आहेत, त्यांपैकीही एक राजाजीनगर आहे. गाडी आणि घर या दोन्ही बाबतींत आपण राज्य बदलले आहे, याची जाणीव येथे प्रथम होते.

मराठी माणसाचे बंगळुरूशी नाते नवे नाही. १६३८ मध्ये हे ठाणे आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत समाविष्ट झाले. मात्र आजच्या स्थलांतरितास त्या इतिहासाचा कार्यालयाच्या खिडकीवर काही उपयोग होत नाही.

परवाना चालतो, गाडी अडते

परदेशी स्थायिक होणाऱ्या व्यक्तीची अडचण परवान्याची असते. ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर साधारणपणे बारा महिने गाडी चालविता येते. जर्मनीत ही मुदत सहा महिन्यांची आहे. त्यानंतर तेथील परवाना मिळवावा लागतो. गाडी मात्र बहुधा तेथेच विकत घेतली जाते, त्यामुळे तिच्याविषयी प्रश्न निर्माण होत नाही. भारतात राज्य बदलताना नेमके उलट घडते. पुणे किंवा नागपूर येथे मिळालेला परवाना देशभर वैध असतो. परकी ठरते ती गाडी.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार एका राज्यात नोंदविलेले वाहन देशात कोठेही चालविता येते. परंतु ते दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास त्या राज्याचा नवा नोंदणी क्रमांक घेणे बंधनकारक आहे. वाहनांवरील कर हा राज्यांचा विषय असल्याने नव्या क्रमांकासोबत नव्या राज्याचा आजीवन करही भरावा लागतो. कर्नाटकाचे दर देशातील चढ्या दरांत गणले जातात. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोटारीला १३ टक्के, दहा लाखांपर्यंत १४ टक्के, वीस लाखांपर्यंत १७ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के अशी ही आकारणी असून त्यावर उपकर वेगळा. बारा लाखांच्या नव्या मोटारीला केवळ कर म्हणून २ लाख ४ हजार रुपये पडतात. गाडी जितकी जुनी, तितका हा कर कमी होतो.

या करावरून कर्नाटकात मोठा वाद झाला आहे. २०१४ मध्ये राज्याने आपल्या करकायद्यात दुरुस्ती करून परराज्यातील वाहन तीस दिवसांहून अधिक काळ राहिल्यास आजीवन कर आकारण्याची तरतूद केली. शहरात परराज्यांच्या क्रमांकाच्या गाड्या अडवून कागदपत्रे तपासण्याची मोहीमही त्या काळात जोरात होती. केंद्रीय कायदा बारा महिन्यांची सवलत देत असताना राज्याने तीस दिवसांत कर मागावा, हे वाहनधारकांना मान्य झाले नाही. २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्दबातल ठरविली. त्यामुळे वर्षभराची मुदत कायम राहिली. मात्र गाडी राज्यात केव्हा आली, हे दाखविण्याची वेळ येऊ शकते. पथकराच्या पावत्या, बदलीचा आदेश, घराचा भाडेकरार असे पुरावे जपून ठेवणे हिताचे ठरते.

नोंदणी बदलण्याची प्रक्रिया मूळ कार्यालयातून सुरू होते. तेथून नमुना २८ मध्ये ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडीवर कर्ज असल्यास बँकेची संमती आवश्यक असते. त्यानंतर बंगळुरूतील कार्यालयात अर्ज, पत्त्याचा पुरावा, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र सादर करून वाहनाची तपासणी करून घ्यावी लागते व कर भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उर्वरित काळाचा परतावा मागता येतो, परंतु तो नव्या नोंदणीचा पुरावा दिल्यानंतरच. म्हणजे आधी पदरचे पैसे घालावे लागतात आणि मग जुन्या राज्याकडून ते येण्याची वाट पाहावी लागते. अनेकजण या परताव्यासाठी अर्जच करीत नाहीत आणि हक्काची रक्कम सोडून देतात.

सीमाभागात या नियमाचे रूप अधिकच विचित्र दिसते. निपाणी व कोल्हापूर यांच्यात जेमतेम चाळीस किलोमीटरचे अंतर. पण निपाणीची गाडी पाचशेहून अधिक किलोमीटरवरील बंगळुरूत कायमची राहिली तरी तिला पुन्हा कर पडत नाही. कोल्हापूरच्या 'एमएच-०९' गाडीला मात्र वर्ष उलटताच तो लागू होतो.

वारंवार बदली होणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' मालिका सुरू केली. संरक्षण दले, केंद्र व राज्य सरकारे, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्या यांच्या कर्मचाऱ्यांना ती खुली आहे. यात कर एकरकमी न भरता दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि राज्य बदलल्यास क्रमांक बदलावा लागत नाही. डिसेंबर २०२२ मधील दुरुस्तीनंतर आधीच नोंदलेल्या वाहनांनाही या मालिकेत येता येते.

खाते म्हणजे मालकी नव्हे

घराच्या बाबतीत मराठी खरेदीदाराची पहिली गफलत शब्दांची असते. महाराष्ट्रात सातबारा, मिळकत पत्रिका आणि सूची क्रमांक दोन यांची सवय झालेली असते. सदनिका असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्थेचे भागप्रमाणपत्र हाती येते. बंगळुरूत भूखंडास सर्रास 'साइट' म्हणतात, आणि सर्वाधिक कानी पडणारा शब्द असतो 'खाता'. सदनिकाधारकांच्या बहुधा संघटना असतात. त्यांना गृहनिर्माण संस्था समजून भागप्रमाणपत्र मागण्यात अर्थ नसतो. तेथे प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला आलेला जमिनीचा अविभाजित हिस्सा महत्त्वाचा ठरतो आणि तो खरेदीखतात नमूद आहे की नाही, हे पाहावे लागते.

खाता ही महापालिकेच्या मालमत्ता करासंबंधीची नोंद आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही. नियमित मालमत्तांची नोंद 'ए' खात्यात होते. मंजुरीवाचून उभ्या राहिलेल्या वसाहती वा बांधकामांकडून कर वसूल करता यावा म्हणून वेगळी नोंदवही ठेवण्यात आली, तेच 'बी' खाते. अशी मालमत्ता स्वस्त मिळते, परंतु तिच्यावर अनेक बँका कर्ज देत नाहीत आणि बांधकाम परवानगीतही अडचणी येतात. २०२५ मध्ये शुल्क घेऊन बी खात्याचे ए खात्यात रूपांतर करण्याची योजना राज्याने सुरू केली. तरीही रूपांतराच्या भरवशावर व्यवहार करणे धोक्याचे आहे. ते पूर्ण झाल्यावरच पैसे द्यावेत, हे बरे. ऑक्टोबर २०२४ पासून ई-खाता असल्याखेरीज शहरातील मालमत्तेचे खरेदीखत नोंदले जात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. त्यामुळे जुन्या कागदांवरील संस्थेचे नाव आजच्या कार्यालयाशी जुळत नसल्यास घाबरण्याचे कारण नाही.

राजाजीनगरसारख्या जुन्या भागात मालकीची साखळी लांब असते. मूळ वाटप शहर सुधारणा मंडळाचे किंवा १९७६ नंतर त्याची जागा घेणाऱ्या बंगळुरू विकास प्राधिकरणाचे असेल, तर वाटपपत्र, भाडेपट्टा-सह-विक्री करार, ताबा प्रमाणपत्र आणि त्यानंतरचे पूर्ण खरेदीखत हे सारे कागद पाहावेत. मालमत्तेवरील बोजा दर्शविणारा दाखला २००४ पासूनचा संगणकावर मिळतो. त्याआधीच्या नोंदींसाठी उपनिबंधक कार्यालयातच जावे लागते. हे दाखले कन्नडमध्ये असतात. भाषा येत नसल्यास दलालाच्या तोंडी भाषांतरावर विसंबू नये, स्वतःचा वकील नेमावा. केवळ कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. नव्या इमारतीच्या बाबतीत भोगवटा प्रमाणपत्राची चौकशी करावी. ते असल्याशिवाय वीज व पाण्याच्या जोडण्या देऊ नयेत, असे न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावले आहे.

खर्चाचा हिशेबही वेगळा आहे. ४५ लाखांवरील घरास मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर उपकर व अधिभार मिळून ०.६ टक्के आणि ऑगस्ट २०२५ अखेरपासून नोंदणी शुल्क २ टक्के, असे एकूण ७.६ टक्के होतात. एक कोटीच्या घरास ही रक्कम ७ लाख ६० हजार रुपये भरते. महाराष्ट्रात नोंदणी शुल्कास ३० हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. कर्नाटकात ती नसल्याने याच घराचे नोंदणी शुल्कच दोन लाख होते. महाराष्ट्रात महिला खरेदीदारास मिळणारी एक टक्क्याची सवलतही येथे नाही.

शेतजमिनीच्या बाबतीत चित्र उलटे आहे. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकाने मात्र २०२० मध्ये भूसुधारणा कायद्यातील तसे निर्बंध काढून टाकले. अनिवासी भारतीयांना ही मुभा नाही. ते बंगळुरूत घर किंवा दुकान घेऊ शकतात, पण शेतजमीन, मळा अथवा शेतघर नाही, आणि रक्कम बँकेमार्फत किंवा भारतातील अनिवासी खात्यातूनच द्यावी लागते. घर विकणारा अनिवासी असेल तर खरेदीदारावरही जबाबदारी येते. निवासी विक्रेत्याकडून ५० लाख वा अधिक किमतीचे घर घेताना एक टक्का प्राप्तिकर कापून घ्यायचा असतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत ही कपात कितीतरी अधिक असते आणि ती न केल्यास वसुली खरेदीदाराकडून होते. म्हणून इसारा देण्यापूर्वीच विक्रेत्याच्या निवासी दर्जाची लेखी खातरजमा करून घ्यावी.