दोन फर्मानांच्या कात्रींत

व्यापार म्हटला कीं जोखीम आलीच. समुद्र खवळतो, भाव कोसळतात, ऋणको बुडतो. या संकटांचा हिशेब चतुर व्यापारी आधींच मांडून ठेवतो. परंतु दोन सरकारें एकाच व्यापाऱ्यास परस्परविरुद्ध आज्ञा करितात, तेव्हां त्यानें काय करावें? रशियावरील निर्बंधांच्या इतिहासांत हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. त्यांतील दोन प्रसंग विशेष बोधप्रद आहेत.

सैबेरियांतील उरेंगोय येथून पश्चिम युरोपास नैसर्गिक वायु पुरविण्यासाठीं सोव्हिएट सरकारनें एक प्रचंड वायुवाहिनी योजिली होती. तिचीं यंत्रें पश्चिम युरोपांतील कारखाने देणार होते. डिसेंबर १९८१ मध्यें पोलंडांत लष्करी कायदा पुकारला गेला. त्याचा दोष रशियाच्या माथीं ठेवून अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनीं अशा यंत्रांवर बंदी घातली, आणि जून १९८२ मध्यें ती अमेरिकन कंपन्यांच्या परदेशांतील शाखांनाही लागू केली. ड्रेसर कंपनीच्या फ्रान्समधील शाखेपुढें मोठाच पेंच पडला. अमेरिका म्हणे, माल पाठवूं नका. फ्रान्स म्हणे, करार पाळा. शाखेनें फ्रान्सची आज्ञा मानली. ऑगस्टांत यंत्रें जहाजावर चढलीं आणि अमेरिकेनें लागलीच त्या शाखेचा अमेरिकन माल बंद केला. मित्रराष्ट्रांचा रोष पाहून रेगन यांनीं नोव्हेंबरांत निर्बंध उठविले, म्हणून ही कोंडी सुटली. शाखेच्या स्वतःच्या हातीं कांहींच नव्हतें.

पुढें २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली. त्या वेळीं रशियन कंपन्या परक्यांच्या मालकीचीं शेंकडों विमानें भाड्यानें चालवीत होत्या. त्यांचे कित्येक मालक आयर्लंडांतील होते. युरोपीय संघानें हुकूम सोडला कीं, २८ मार्चपर्यंत हे भाडेकरार संपवावे. उलट रशियानें विमानें देशाबाहेर नेण्यास मनाई केली व तीं आपल्याच दप्तरीं नोंदविण्याची मुभा कायद्यानें दिली. कागद डब्लिनला, विमानें मॉस्कोला, अशी मालकांची स्थिति झाली. त्यांनीं विमा कंपन्यांकडे धांव घेतली. तेव्हां ही हानि विम्याच्या कोणत्या कलमांत बसते, यावर तीन वर्षें वाद चालला. अखेर जून २०२५ मध्यें लंडनच्या उच्च न्यायालयानें ती युद्धजोखमीच्या कलमांत येते असा निवाडा देऊन मालकांस भरपाईचा हक्क मान्य केला.

दोन्ही ठिकाणीं सौदा चोख होता, गिऱ्हाईकही पैसे देणारें होतें. चूक झाली ती जोखीम मोजण्याच्या रीतींत. एक विमान कोसळलें तर तें एकच जातें. राज्यकर्त्याची एक सही मात्र एका देशांतील सगळींच नेते. म्हणून मालाच्या नगांबरोबर देशांचीही मोजदाद पाहिजे: कोणत्या एका सरकारच्या हातीं आपलें किती धन अडकलें आहे, आणि त्याच्या हुकुमानें करार मोडल्यास नुकसान कोणी सोसावें, हें शांततेच्या दिवसांतच लिहून ठेविलें पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणूं म्हणणाऱ्यास न्यायालयाच्या पायऱ्या तेवढ्या चढाव्या लागतात.