नारोशंकराची घंटा

नाशकात एखाद्याचा आवाज जरा चढा असला, की लोक त्याला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. ही पदवी मिळवलेले गृहस्थ प्रत्येक गल्लीत निदान एक तरी असतात. मूळ घंटा मात्र गोदाकाठी, रामेश्वराच्या देवळाच्या दरवाजावर गुपचूप टांगलेली असते. नारोशंकर राजेबहाद्दरांनी हे देऊळ १७४७ साली बांधलं. घंटेपर्यंत पाणी चढलं म्हणजे पूर मोठा, एवढंच आम्हा नाशिककरांचं तिच्याविषयीचं संशोधन!

माझा भाचा चौथीत आहे. वजाबाकी नुकतीच पक्की झाल्यामुळे तो दिसेल त्यातून काहीतरी वजा करत असतो. घंटेवर १७२१ साल आहे, असं त्याने कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि मला गाठलं.

"मामा, देऊळ व्हायच्या आधी सव्वीस वर्षं ही घंटा कुठे वाजत होती?"

बँकेतल्या माणसाला ताळा जमला नाही की जेवण गोड लागत नाही. बसलो दोघे पुस्तकं घेऊन. घंटा निघाली पोर्तुगीजांची! मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. एक भीमाशंकरला गेली, एक वाईजवळ मेणवलीला, आणि ही आमच्याकडे, असं सांगतात. म्हणजे अठरा वर्षं पोर्तुगीजांच्या खात्यावर. देऊळ उभं राहीपर्यंतची आठ वर्षं आम्ही सस्पेन्स खात्यात टाकली.

"म्हणजे चोरलेली?"

"चोरलेली नाही रे, जिंकलेली."

"त्यात फरक काय?"

हा प्रश्न भल्याभल्या इतिहासकारांनी शिताफीने टाळलाय, तिथे कारकुनाची काय कथा! "परत देऊ या का?" हेही त्याने विचारलं. पण द्यायची कुणाला? वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या आता नुसत्या भिंती उभ्या आहेत. घंटा काय आभाळाला टांगायची?

मला मात्र एका गोष्टीचं बरं वाटतं. घंटेचं कासं वितळवून तोफ ओतता येते, आणि ते दिवस तोफांचेच होते. तरी ही घंटा घंटाच राहिली. तिथे माणसांना देवाकडे बोलवत होती, इथेही तेच करते. मी भाच्याला म्हटलं, "हे बघ, तिची बदली झाली. गाव बदललं, साहेब बदलले, काम तेच."

"पण तिला विचारलं होतं का?"

"बदलीत विचारत नाहीत, बाळा."