नाणेघाटातली पावले, खोडदचे आकाश

नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात, मागच्या भिंतीवर, सातवाहन घराण्यातील माणसांच्या प्रतिमा होत्या. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका. प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेले. आज नावे आहेत, प्रतिमा नाहीत. पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. बाजूच्या भिंतींवर मात्र हिशेब शाबूत आहे. कोणत्या यज्ञात किती गायी, घोडे, हत्ती, किती कार्षापण दक्षिणा दिली, त्याचे ब्राह्मीतले आकडे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातला हा लेख. त्यात शून्य नाही. दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी चिन्हे आहेत. भारतीय अंकांचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला जुन्नर तालुक्यात यावे लागते ते याच भिंतीसाठी. दान कोणी घेतले हे भिंत सांगते. घाट कोणी फोडला, गुहा कोणी खोदली, हे सांगत नाही. जुन्नरभोवतीच्या बौद्ध लेण्यांतले लेख निदान बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी नोंदवतात. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले लेणे आणि पाण्याची पोढी नोंदवतात.

हे आठवण्याचे कारण इतिहासाची हौस नव्हे. आकड्यातून चेहरा घडवण्याचे, आणि चेहरा पुसण्याचेही, एक नवे शास्त्र आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात येऊन बसले आहे.

मी आंबेगाव तालुक्यात तीस वर्षे शिक्षकी केली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुलांना घेऊन खोडदला जाण्याचा आमचा परिपाठ. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती १९९०च्या दशकात उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन दिशांच्या रांगांत, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत, उसाच्या आणि कांद्याच्या शेतांमधून पसरलेल्या. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला : सर, डोळा कुठे लावायचा?

डोळा लावायला जागाच नाही. तारांच्या जाळीवर पडलेल्या लहरींचे आकडे होतात. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एकेक अंश मोजते. पृथ्वी फिरते तशी आकाशाच्या बाजूने पाहता जोड्यांची मांडणी बदलते, आणखी अंश हाती येतात. मग फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीने संगणक त्या आकड्यांचे चित्र करतो. या पद्धतीसाठी मार्टिन राइल यांना १९७४चे नोबेल मिळाले. मोजणीत रिकाम्या जागा राहतात, त्यामुळे चित्रात खोटे डाग उमटतात. ते काढण्याची एक रीत होगबॉम यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली, ती अजून चालते. शिवाय रेडिओ लहरींना आपल्या डोळ्यांचा रंग नसतो. चित्रातला तांबडा-निळा शास्त्रज्ञ नेमून देतात. मात्र काय गृहीत धरले, काय काढून टाकले, हे त्यांना शोधनिबंधात लिहावे लागते, आणि दुसरा कोणी तोच हिशेब पुन्हा करून पाहू शकतो.

रंग नेमून देणे! वर्ण या शब्दाचे दोन्ही अर्थ भोगलेल्या समाजाला हा शब्दप्रयोग सहज गिळता येत नाही.

खिशातला फोन याच वाटेने जातो, हिशेब मात्र दाखवत नाही. डिजिटल कॅमेऱ्यातला एक ठिपका बहुधा लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. बेयर यांच्या १९७६च्या पेटंटपासूनची ही मांडणी. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे फोटोतल्या रंगांचे दोन तृतीयांश मुळातच अनुमान. त्यावर आजचा फोन एका दाबात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो, चेहरा ओळखतो, कातडी गुळगुळीत करतो, उजळतो. हे यंत्र आहे, त्याला जात नाही, असे म्हणणारे भेटतात. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवायला जे कार्ड देई त्यावर गोरी स्त्री होती; तिची कातडी बरोबर उमटली की रंग बरोबर. २०१८मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणारे तीन कंपन्यांचे प्रोग्रॅम तपासले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के; काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. आणि आमच्या लहानपणी स्टुडिओवाला माझ्या आईच्या तोंडाला पावडर थापून मगच पडद्याआड जाई, ते तरी काय होते?

एका वर्षी खोडदहून परतताना बसपाशी आम्ही सगळ्यांचा फोटो काढला. मुलांनी फोन हातोहात फिरवला. एक कातकरी मुलगी बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "सर, यात मी कुठली?" ती पहिल्या रांगेत, अगदी मध्ये होती.

तीच मुलगी पुढे संगणकाचा डिप्लोमा करायला गेली. गेल्या वर्षी सुट्टीत शाळेत आली तेव्हा तिने फोन एका स्टुलावर घट्ट बसवला आणि सातवीच्या वर्गाचे दोन फोटो घेतले. एक ते उजळवणारे सेटिंग चालू ठेवून, एक बंद करून. मग वीस-पंचवीस ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. एका फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यातून दुसऱ्यातला आकडा वजा करायचा आणि बाकी राहील तिचे चित्र करायचे. बस्स, एवढेच. जिथे काही बदलले नाही तिथे काळे.

चित्र आले. भिंत काळी, फळा काळा, गणवेश काळे. हललेल्या केसांच्या कडा तेवढ्या पुसट. त्या काळोखात अधांतरी, निखाऱ्यासारखे, मुलांचे चेहरे. जो जितका सावळा तितका जास्त पेटलेला. तिने त्याची मोठी प्रत काढून वर्गात लावली आहे. खाली शाईने प्रोग्रॅमच्या सगळ्या ओळी उतरवल्या आहेत.