मूळ महाभारतात हे नाही

राखीपौर्णिमेला आजी दरवर्षी एकच गोष्ट सांगायची. श्रीकृष्णाचं बोट कापलं. सुभद्रा घरभर चिंधी शोधत राहिली आणि द्रौपदीने मागचापुढचा विचार न करता अंगावरचं भरजरी वस्त्र फाडून त्याच्या बोटाला बांधलं. पुढे भर सभेत तिची वस्त्रं ओढली गेली, तेव्हा कृष्णाने त्या चिंधीची परतफेड केली. १९५३ च्या ‘श्यामची आई’ चित्रपटातल्या गाण्यामुळे ही गोष्ट तुमच्याही घरी पोचली असेल.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आजीला मध्येच तोडलं. “मूळ महाभारतात हे नाहीच आहे, आजी.” भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत चिंधी तर सोडाच, वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही नाही, असं मी नुकतंच वाचलं होतं. आजी थांबली. “बरं,” म्हणाली. त्यानंतरच्या राखीला तिने गोष्ट सांगितली नाही. त्याच्या पुढच्या राखीला ती नव्हती.

नोकरीसाठी पुण्यात आल्यावर, जिच्या जोरावर मी आजीला गप्प केलं ती आवृत्ती आहे तरी काय, हे नीट वाचायला घेतलं.

आमच्या कामात कोडमधली कुठली ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद गिट ठेवतं. महाभारताची अशी नोंद कुणाकडेच नव्हती. शतकानुशतकं लोक पोथ्या उतरवत गेले, भर घालत गेले. हा गुंता सोडवायचं काम पुण्यात १९१९ साली सुरू झालं. १९२५ पासून त्याची सूत्रं विष्णु सीताराम सुकथनकरांकडे होती. हे केंब्रिजला गणित शिकलेले गृहस्थ! चौकटीच्या कागदावर वर एक श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. खाली वेगवेगळ्या पोथ्यांमधले फरक. थोडक्यात, हाताने काढलेला डिफ. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळमपर्यंत एकूण १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. एकमेकांपासून इतक्या लांबच्या पोथ्या जिथे जुळतात, तो पाठ जुना असण्याची शक्यता जास्त, हे त्यामागचं साधं तर्कशास्त्र. सुकथनकर १९४३ साली गेले. काम १९६६ साली पूर्ण झालं.

वाचताना दोन गोष्टींनी मला ओशाळं केलं.

पहिली म्हणजे, ‘हे मूळ महाभारत’ असा दावा सुकथनकरांनी केलेलाच नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागे जाता येईल तितकं जाऊन मिळालेली ही संहिता, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि वगळलेलं काहीही त्यांनी फेकून दिलेलं नाही. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ती कथा परिशिष्टात आहे. द्रौपदीचा धावा संहितेखालच्या टिपांमध्ये आहे, कुठल्या पोथ्यांत आहे त्या खुणांसकट. ‘मूळ’ हा शब्द माझा होता, त्यांचा नव्हता.

दुसरी गोष्ट उद्योगपर्वातली. सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी धावा टिपांत ठेवला. पण सुशीलकुमार डे यांनी संपादित केलेल्या उद्योगपर्वाच्या संहितेत कृष्ण संजयाला सांगतो, की मी दूर असताना द्रौपदीने ‘गोविंद’ म्हणून हाक मारली, त्या हाकेचं ऋण वाढत चाललंय, ते मनातून जात नाही. म्हणजे सभेतून वगळलेली हाक तीन पर्वांनंतर कृष्णाच्याच तोंडी शिल्लक आहे. अभ्यासकांनी यावर बरंच लिहिलंय. मी मात्र त्या ‘ऋण’ शब्दापाशी अडकले.

कारण आजीची गोष्टही ऋणाचीच होती. तिच्या कथेत कृष्ण आधीच देणेकरी असतो आणि सभेत येऊन फेड करतो. उद्योगपर्वात तो वेळेवर पोचला नाही, म्हणून देणेकरी होतो. चिंधी संहितेत नाही, पण ती शिवणाऱ्यांनी धागा बरोबर पकडला होता. हे आजीला सांगायला हवं होतं.

यंदा राखीला भाचीला मी चिंधीची गोष्ट सांगितली. सुरुवात मात्र “महाभारतात असं आहे” अशी केली नाही. “माझी आजी सांगायची,” असं म्हणाले. पाठ कुठल्या पोथीतला, हे नोंदवायला हवंच ना.