वावडीच्या ओढीनें जलविहार

पतंगाची ओढ हातास लागली नाहीं, असा मराठी मुलगा विरळा. संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर उभें राहून ढील देतांना मांजा बोटांतून सरसर निघूं लागतो आणि त्या कागदाच्या कपट्यामागें केवढा जोर आहे, याची जाणीव होते. मोठ्या पतंगास आपल्याकडे वावडी असा जुना शब्द आहे. अशीच एक वावडी, परंतु दहा-बारा चौरस मीटर कापडाची, आकाशांत चढवावी, तिच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवाव्या, आणि पायांखालीं एक फळी घेऊन समुद्राच्या पृष्ठभागावरून धांवत सुटावें, या खेळाला काइटसर्फिंग असें नांव आहे. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें याच जातीच्या शर्यती मार्सेच्या समुद्रांत झाल्या.

हा खेळ शिकूं इच्छिणारा मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो असा, कीं साहित्य कोणतें घ्यावें? या प्रश्नाचें उत्तर दुकानदाराच्या यादीपेक्षां खेळाच्या इतिहासांत अधिक चांगलें सांपडतें. वाऱ्याची ओढ मनुष्यानें फार पूर्वींच हस्तगत केली होती. ती ओढ हवी तेव्हां सोडून देण्याची युक्ति साधावयास मात्र पुढें कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. नवशिक्याचा जीव या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असतो.

आरंभ एका बालक्रीडेपासून करूं. अमेरिकेचा सुप्रसिद्ध मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यानें १७७३ च्या सुमारास एका फ्रेंच स्नेह्यास लिहिलेल्या पत्रांत आपल्या लहानपणची एक गंमत सांगितली आहे. तळ्याकांठीं पतंग उडवीत असतां त्याला पोहण्याची लहर आली. पतंग न उतरवितां, दोरीची काठी हातांत धरून, तो पाण्यांत उताणा पडला आणि पतंगानें त्याला श्रमाशिवाय पैलतीरास नेलें. त्याचे कपडे एका सवंगड्यानें कांठाकांठानें नेऊन पोंचविले. आपण दोरीमागें फार वेगानें गेलों कीं पतंग खालीं येई आणि क्षणभर थांबलों कीं पुन्हां चढे, हेंही त्यानें टिपून ठेविलें आहे. दोरी सैल पडली कीं पतंग मरतो, हा आजच्या शिक्षकांचा पहिला पाठ त्या मुलाला तळ्यांतच मिळाला होता. याच रीतीनें डोव्हरहून कॅलेला जातां येईल, असें त्यानें पुढें लिहिलें. टपालाची बोट त्याहून बरी, अशी पुस्ती जोडावयास मात्र तो विसरला नाहीं.

त्यानंतर सुमारें अर्ध्या शतकानें इंग्लंडांत ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक नांवाच्या शाळामास्तरानें या कल्पनेस यंत्राचें रूप दिलें. त्यानें १८२६ सालीं पतंगांनीं ओढावयाच्या गाडीचें पेटंट घेतलें. एकामागें एक असे दोन प्रचंड पतंग, चार दोऱ्यांनीं वळविण्याची व्यवस्था आणि खालीं माणसें बसलेली गाडी, असा तो थाट होता. त्या काळीं रस्त्यावरील जकात घोड्यांच्या संख्येवर आकारीत. या गाडीस घोडाच नसल्यामुळें नाक्यावरचा मनुष्य निरुत्तर होई, असें सांगतात. पोकॉकनें आपल्या मार्था नांवाच्या मुलीस खुर्चींत बसवून पतंगाच्या जोरावर उंच चढविलें होतें. ही मार्था पुढें डब्ल्यू. जी. ग्रेस या विख्यात क्रिकेटपटूची माता झाली.

फ्रँकलिनची डोव्हर-कॅलेची कल्पना उलट दिशेनें प्रत्यक्षांत आली. सॅम्युएल कोडी हा अमेरिकेंत जन्मलेला खेळिया नोव्हेंबर १९०३ मध्यें पतंगांनीं ओढलेल्या लहानशा होडींतून कॅलेहून डोव्हरला पोंचला. परंतु तो काळ एंजिनाचा होता. स्वतः कोडीच १९०८ सालीं एंजिनाच्या विमानाकडे वळला. वाऱ्याची मर्जी राखण्यापेक्षां पेट्रोल जाळणें सोपें झालें, आणि पतंग पुन्हां मुलांच्या हातीं गेला.

तो मोठ्यांच्या हातीं परत येण्यास नवीं द्रव्यें कारण झालीं. नायलॉन व पॉलिएस्टर यांचें हलकें पण चिवट कापड निघालें. त्यामागून पॉलिएथिलीनचे असे तंतू निघाले कीं जे अतिशय बळकट असूनही पाण्यावर तरंगतात. १९७७ सालीं नेदर्लंड्समधील पान्हाउझे नांवाच्या गृहस्थांनीं फळीवर उभ्या असलेल्या मनुष्यास हवाई छत्रीसारख्या साधनानें ओढून नेण्याचें पेटंट घेतलें. पण एक अडचण कायम राहिली. पतंग पाण्यांत पडला, तर भर समुद्रांत तो पुन्हां उडवावयाचा कसा?

या प्रश्नाचीं दोन उत्तरें दोन कुटुंबांनीं दिलीं. अमेरिकेंत बोइंग कंपनींतील तज्ज्ञ बिल रोझलर आणि त्यांचे चिरंजीव कोरी यांनीं दांडीवरच दोरी गुंडाळण्याचें रहाट बसविलें. पतंग पडल्यास दोरी गुंडाळून त्याला जवळ आणावें आणि तेथून पुन्हां चढवावें, अशी ती योजना होती. तें साहित्य १९९४ सालीं विक्रीस आलें. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील ब्रूनो व दोमिनिक लगॅन्यू या बंधूंनीं दुसरा मार्ग शोधिला. त्यांनीं पतंगाच्या कडेला व आडव्या फांसळ्यांना हवेनें फुगणाऱ्या नळ्या बसविल्या. असा पतंग पाण्यावर पडला तरी बुडत नाहीं, आकार सोडीत नाहीं, आणि दोरी ओढतांच उठूं शकतो. त्यांचें पेटंट १९८४ च्या नोव्हेंबरांतलें. पण 'विपिका' या नांवानें पतंग बाजारांत जम धरूं लागले ते १९९७ पासून. त्याच सुमारास हवाई बेटांपैकीं माउई येथें लेअर्ड हॅमिल्टन व मानू बेर्तां यांनीं लाटांवर हा खेळ करून दाखविला, आणि १९९८ सालीं तेथें स्पर्धाही भरली.

पडलेला पतंग उठविण्याची युक्ति साधली. परंतु उठलेल्या पतंगाला आवरण्याची साधली नव्हती. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. बारा नॉटांचा वारा एका झोतासरशीं चोवीस नॉटांचा झाला, तर मनुष्याला विचार करावयास सवडच उरत नाहीं. आरंभींच्या कमानदार पतंगांत ओढ कमी करण्याची सोय नव्हती, किंवा असलीच तर अपुरी होती. त्या वर्षांत कसलेले खेळाडूही किनाऱ्यावरील भिंतींवर व झाडांवर आपटून प्राणांस मुकले. २००५ च्या सुमारास ब्रूनो लगॅन्यू यांच्याच कल्पनेंतून धनुष्याच्या आकाराचा, चपट्या बांध्याचा नवा पतंग निघाला. यांत दांडी अंगापासून दूर लोटतांच पतंगाचा वाऱ्याशीं असलेला कोन बदलतो आणि ओढ जवळजवळ नाहींशी होते. पोकॉकच्या गाडीपासून मोजल्यास या एका गोष्टीला सुमारें पावणेदोनशें वर्षें लागलीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. नवशिक्यास जुना पतंग स्वस्तांत मिळतो, आणि कापड धड दिसलें कीं मोह होतो. परंतु २००५ पूर्वींच्या घडणीचा पतंग घेणें म्हणजे ओढ घेऊन सुटका दुकानांत ठेवून येणें होय. तेव्हां प्रथम पाहावी ती सुटकेची कळ. दांडीच्या तळाशीं कमरपट्ट्यांत अडकणारी कडी असते. तिच्यावरील कळ एका हातानें ढकलतांच दांडी निसटते, आणि पतंग एकाच दोरीवर निर्जीव होऊन पडतो. तीही दोरी सोडावी लागल्यास राखणदोरीवर दुसरी कळ असते. या कळींसाठीं २०२० सालीं आंतरराष्ट्रीय मानकही ठरलें आहे. त्याचा क्रमांक २१८५३. कळ जुनी किंवा वाळूनें अडखळणारी असेल, तर बाकीचें साहित्य पाहूंच नये.

पतंग फुगणाऱ्या नळ्यांचा, धनुष्याच्या घडणीचा असावा. ऑलिंपिकच्या शर्यतींतले नळ्यांविरहित पातळ पतंग आणि पाण्याखालीं पंख असलेल्या फळ्या हें निष्णातांचें काम आहे. पतंगाचा आकार वजन व वारा यांवरून ठरतो. पाऊणशें किलो वजनाच्या मनुष्याला पंधरा ते अठरा नॉटांच्या वाऱ्यांत सुमारें बारा चौरस मीटरांचा पतंग पुरतो. वारा वाढला कीं पतंग लहान घ्यावा. फळी दोन्ही टोकांनीं सारखी, रुंद, चपटी आणि सुमारें एकशेंचाळीस सेंटिमीटर लांब असावी, म्हणजे मंद वाऱ्यांतही ती मनुष्याला तोलून धरते. शिरस्त्राण आणि तरंगत ठेवणारें जाकीट यांत काटकसर करूं नये. ताणलेली दोरी मांज्याप्रमाणें कापते, म्हणून ती हातास कधीं गुंडाळूं नये.

परंतु यांतील एकही वस्तु घेण्यापूर्वीं पैसे शिक्षकाला द्यावे. दोन-तीन चौरस मीटरांचा लहान पतंग मोकळ्या मैदानांत उडवून हाताला वळण लावावें. त्यानंतर पाण्यांत फळीशिवाय पतंगामागें ओढलें जाणें, मग सुटकेची कळ वापरून, दोऱ्या गुंडाळून, पतंगाचाच तराफा करून किनारा गांठणें, आणि सर्वांत शेवटीं फळीवर उभें राहणें, असा क्रम आहे. उत्साही शिष्य हा क्रम उलटा करूं पाहतो. अनुभवी शिक्षक तो करूं देत नाहीं.

स्थळ व वेळ यांचा विचार आपल्या किनाऱ्यावरील कोळ्याला निराळा शिकवावा लागत नाहीं. दुपारीं समुद्रावरून जमिनीकडे येणारे ते खारे वारे, आणि रात्रीं व पहांटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे ते मतलई वारे. गोव्यांत मोरजी येथें पावसाळ्यापूर्वींच्या महिन्यांत दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांवर हा खेळ चालतो. किनाऱ्याकडे तिरपा येणारा वारा नवशिक्याला उत्तम, कारण चुकलेला मनुष्य अखेर वाळूला लागतो. मतलई वाऱ्यावर पतंग चढविणारा मात्र खोल पाण्याकडे ओढला जातो. तेथें कळ दाबली तरी जवळ जमीन नसते. पावसाळ्याचा वारा झोतांचा आणि समुद्र खवळलेला असतो. ते दिवस नवशिक्यानें दोऱ्या तपासण्यांत घालवावे.

शिक्षण झालें आणि साहित्य घेण्याची वेळ आली, कीं दुकानांत एक परीक्षा अवश्य घ्यावी. कमरपट्टा बांधावा, दांडी अडकवावी, दुसऱ्या कोणाला तरी दोऱ्या जोरानें ओढावयास सांगावें, आणि डोळे मिटून कळ शोधावी. ती पहिल्या प्रयत्नांत हातास लागली आणि त्या ताणाखालीं सुटली, तर रंग, नांव आणि किंमत यांची चर्चा मग खुशाल करावी.